लष्कराचे उपग्रह कुणी न्यायचे

प्रिय मेरीबेथ,

टायटसव्हिलला उकाडा आहे, नदीकाठी डासांनी जीव नकोसा केलाय, आणि तुझी आई कोळंबी साफ करता करता ओरडतेय, ‘पोरीला सरळ फोन कर की!’ पण तू तुमच्या त्या नव्या कंपनीत गेल्यापासून फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला भांडण होतं.

लष्कराच्या उपग्रहांचं कंत्राट तुम्हाला गेलं, त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये कुणाला घास गेला नाही. इतकी वर्षं ते उपग्रह आमच्याच रॉकेटने वर नेले. तुम्ही निम्म्या किमतीत नेणार म्हणालात. आमच्या कंपनीने सरकारकडे हरकत घेतली आणि आमच्या विभागाच्या व्हिटलॉकसाहेबांनी मला बोलावलं. “हे बघ, त्यांचं इंजिन भरवशाचं नाही, एवढंच सुनावणीत सांग. इंजिनांच्या बाबतीत तुझ्या शब्दाला वजन आहे.” सुनावणीसाठी आलेले तुमच्या चाचण्यांचे निकाल मी पुन्हा पुन्हा तपासले. खोट सापडावी असं मनापासून वाटत होतं गं. सापडली नाही. व्हिटलॉकसाहेबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “मग निदान गुळमुळीत बोल.”

तेही जमलं नाही. सरकारी वकिलाने थेट विचारलं आणि मी म्हणालो, इंजिन उत्तम आहे, आमच्यापेक्षा सरस आहे. आमचाच वकील उसळला, “तुमची मुलगी तिथे नोकरीला आहे ना?” म्हटलं, “आहे. दोन वर्षं माझ्याशी धड बोललेली नाही.” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

हरकत फेटाळली गेली. आमचा विभाग बंद होतोय. मी त्याआधीच राजीनामा दिला. शेजारचा डेल्बर्ट, ज्याच्याबरोबर उभा जन्म काम केलं, तो आता चर्चमध्ये बाक बदलून बसतो. त्याचीही नोकरी गेली. त्याला काय म्हणू? फार थकलोय, बाळा.

काल तुमच्या कंपनीतून मला नोकरीसाठी फोन आला. तूच शब्द टाकला असशील. मी नाही म्हणालो. तू रुसशील, पपांचा ताठा अजून गेला नाही म्हणशील, म्हणून हे लिहितोय. मी तिथे पगार घेतला, तर सगळे म्हणतील, म्हातारा नोकरीसाठी बोलला. मग माझ्या साक्षीला काय अर्थ उरेल? ते इंजिन तू बनवलंयस, मेरीबेथ. ते चांगलं आहे, हे मी फुकट सांगितलं, असंच राहू दे.

तुझाच,
पपा