मी नसल्याची तालीम

आदरणीय वन्सं,

नमस्कार. (वाकूनच करायचा, पण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा या वेळी उभ्यानेच घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? नवा चष्मा लागला, की अजून जुन्याच चष्म्यातून पेपर वाचून जगाला नावं ठेवता आहात? तुमचे बंधुराज उत्तम आहेत, त्यांना काय धाड भरली आहे! भूक लागते, झोप लागते, आरशासमोर उभं राहिलं की आपण अजून सेनापतीच दिसतो असंही वाटतं. माझ्याबद्दल म्हणाल, तर हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. आजवर माझ्या घरात एक दार, एक झाकण माझं न ऐकता उघडं राहिलेलं नाही. पण आता बंड आतूनच झालं म्हटल्यावर ओरडायचं कोणावर?

पत्राचं कारण असं की मी गेल्याची बातमी तुमच्या कानावर आली असेल, तर ती चुकीची आहे. कोणी फोन केला असेल तर त्याला उलटा फोन करून सांगा. हा सगळा प्रकार तुमच्या बंधूंमुळे झाला (आणि थोडासा माझ्यामुळे), म्हणून पहिल्यापासून सांगते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी घरातलं काय ते मार्गी लावून ठेवा. म्हणताना ते माझ्याकडे न बघता पेनाच्या टोपणाकडे बघत होते, त्यामुळे मला समजायचं ते समजलं. घरी येऊन यांना सांगितलं, किरकोळ आहे, नळाचा वायसर बदलतात ना, तसं. यांनी मान डोलावली आणि न्हाणीघराचा बल्ब गेला होता तो आणायला म्हणून बाहेर पडले, ते सबंध दुपार घालवून रिकाम्या हाताने परत. विचारलं तर म्हणे दुकान बंद होतं. वन्सं, बल्ब आणता न येणारा माणूस मागे ठेवून कोणी कसं निघायचं? तरी मी सुरुवात कपाटांपासून केली, कारण कपाटं ऐकतात. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या, बँकेत वारसाचं नाव लावून आले, विजेचं बिल कुठे भरायचं ते भिंतीवर लिहिलं, आणि मृत्युपत्र करायला यांना घेऊन वकीलबाईंकडे गेले.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं लग्नच मुळी विंगेत ठरलं. हे रंगमंचावर भाला उगारून आलेले सेनापती, आणि मी डावीकडच्या विंगेत नाटकाची वही मांडीवर घेऊन बसलेली नवी प्रॉम्प्टर. हे दुसऱ्याच वाक्याला अडले. मी पुढचे शब्द पुरवले, यांनी ते असे काही फेकले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून यांनी पाठांतर सोडलं. राजे झाले, फौजदार झाले, मुलीच्या लग्नाला नकार देणारे बाप तर किती झाले. कुठेतरी अडायचे, डावीकडे बघायचे, आणि मी पुढचं सांगायची. नाटक कंपनी सुटली तरी सवय सुटली नाही. दुकानदाराने काय हवं विचारलं तरी हे डावीकडेच बघतात.

तर वकीलबाईंनी यांना विचारलं, हे सगळं तुम्हाला मान्य आहे ना? यांनी डावीकडे पाहिलं. मी ओठ न हलवता ‘हो, मान्य आहे’ एवढंच सांगितलं, आणि हे पार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात गरजले, हो! मान्य आहे! वकीलबाईंच्या हातून पेन पडलं. त्यांना वाटलं मी नवऱ्याला दमात घेऊन सह्या करून घेते आहे. (त्यांचं वय कोवळं आहे, नवरे अजून बघायचे आहेत.) त्यांनी मला बाहेर बसवलं. दार काचेचं होतं म्हणून मी काचेतून खाणाखुणा करू लागले, तर त्यांनी पडदा ओढून घेतला. आत काय झालं कोण जाणे, पण बऱ्याच वेळाने हे बाहेर आले तेव्हा वकीलबाई डोळे पुसत होत्या. कुठल्यातरी जुन्या नाटकातलं भाषण ठोकलं असणार.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता हा माणूसच मार्गी लावायचा, आणि आपल्याला येते ती एकच रीत, तालीम घ्यायची. यांना समजावलं, उद्या सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी नाही. मी आतल्या खोलीत पडद्याआड खुर्चीवर बसेन, पण मी नाही. मला काही विचारायचं नाही, मी काही सांगणार नाही. सगळं घर तुमचं. यांनी विचारलं, कपडे कोणते घालू? म्हटलं, हेच ते, हेच विचारायचं नाही. आणि आमच्या कंपनीचा नियम तुम्हाला माहीत आहे, घंटा झाली की तालीम कशासाठीही थांबवायची नाही. एकदा मागचा पडदा पेटला होता तेव्हा हे मरणाच्या प्रवेशात होते. बादल्या ओतल्या जात असताना यांनी सावकाश, समाधानाने मरून दाखवलं होतं.

सकाळी मी पितळी घंटा वाजवली आणि जाऊन बसले. स्वयंपाकघरातून झाकणांचे आवाज येऊ लागले. एक डबा उघडला, मिटला, दुसरा उघडला, मिटला. साखर डाव्या हाताला, वरच्या फळीवर, हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी पदराचं टोक तोंडात कोंबलं. मरण अवघड असतं म्हणतात ते उगाच नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई माझा उसवलेला ब्लाउज शिवून घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, वहिनी आहेत का? आता या ठिकाणी कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की आहे, आत आहे, आमचं आपलं एक खूळ चाललं आहे. पण घंटा झालेली. हे क्षणभर थांबले आणि म्हणाले, ती आता नाही. वन्सं, इतक्या वर्षांत यांनी एवढं छोटं वाक्य इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं. आत बसल्या बसल्या माझ्याच अंगावर काटा आला. शिंपीणबाई उंबऱ्यावरच मटकन बसल्या.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जिन्यात पावलं वाजू लागली. आधी शेजार आला, मग कंपनीतली मंडळी आली, दिवे लावणारे, कपडेवाल्या बाई, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत मॅनेजर. मी पडद्याआड. बाहेर यावं तर तालीम मोडते, आणि खरं सांगू का, प्रॉम्प्टरने रंगमंचावर पाऊल टाकायचं नसतं हे अंगात इतकं मुरलं आहे की पाय हलेचना. (शिवाय ऐकायचंही होतं. खोटं कशाला बोलू!) कपडेवाल्या बाई म्हणाल्या, तोंडाची तिखट होती, पण... आणि नेमका रस्त्यावर कोणीतरी भोंगा वाजवला. त्या ‘पण’च्या पुढे काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मॅनेजर म्हणाले, तिच्याशिवाय एक प्रयोग उभा राहिला नसता. हा माणूस माझ्या हयातीत कधी ‘बरं झालं’ असंसुद्धा म्हणाला नाही. (म्हणजे हयात चालूच आहे, पण तुमच्या लक्षात आलं.) मध्येच सगळ्यांना चहा आला. कोणी केला कोण जाणे, बहुधा शिंपीणबाईंनीच, पण पडद्याखालून एक कप आत सरकला तो मी प्यायले, आणि साखर अगदी माझ्या मापाची होती.

मग फुलं कुठे ठेवायची असा प्रश्न आला. माझा फोटो शोधू लागले. वन्सं, माझा फोटो नाहीच. सगळ्या नाटकांचे फोटो आहेत, सगळ्यांत मी विंगेत. शेवटी यांचा सेनापतीच्या वेषातला फोटो टेबलावर ठेवून त्याला फुलं वाहिली, कारण त्यात डाव्या कडेला माझं कोपर आलं आहे. मला हसू आवरेना, आणि मग एकदम रडूच आलं. आपलं इतकं आयुष्य एका कोपरावर भागलं, असं वाटून गेलं. पण कोपर आहे जागच्या जागी, तेही खरं.

मॅनेजरांनी यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. हे उभे राहिले. म्हणाले, ती... आणि थांबले. यांचं थांबणं मला कळतं. एक अभिनयातलं असतं, एक विसरल्याचं. हे तिसरंच होतं, मी कधी ऐकलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, यांनी डावीकडे, माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला जमेल, काळजी करू नका.’

सगळ्यांनी ऐकलं. शिंपीणबाईंनी किंकाळी फोडली. मॅनेजर मात्र जुन्या सवयीने पडद्याकडे वळून खेकसले, प्रॉम्प्टिंग बाहेर ऐकू येतंय! आणि मग त्यांना आपण कोणावर खेकसलो ते लक्षात आलं आणि ते काठीसकट सोफ्यावर कोसळले. त्यांना पाणी पाजायला शेवटी मलाच बाहेर यावं लागलं. पुढे जी बोलणी मी खाल्ली ती लिहीत नाही. शुद्धीवर आल्यावर मॅनेजर आपली फुलं परत घेऊन गेले.

पण वन्सं, मला राहून राहून दुसरंच आठवतं. एवढा गोंधळ होण्याआधी, मी वाक्य पुरवल्यावर, एक क्षण गेला होता. त्या क्षणात यांनी वाक्य उचलायला हवं होतं. आजवर माझा एक शब्द यांनी खाली पडू दिलेला नाही. हे वाक्य यांनी उचललं नाही. नुसते खाली बसले. संध्याकाळी मी म्हटलं, तालीम फसली. तर म्हणाले, फसू दे, पुन्हा घेऊ, रोज घेऊ. आणि माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिले. न्हाणीघरात अजून अंधारच आहे.

बाकी क्षेम. थंडी आहे, कान बांधून फिरत जा. पत्राचं पाकीट डकवून पेटीत टाकायचं काम यांना दिलं आहे, एवढं तरी जमेल अशी आशा करू या.

तुमची,
भावजय

ता. क. शिंपीणबाई माझा ब्लाउज परत देत नाहीत. म्हणतात, आता तुमची आठवण म्हणून ठेवते. जिवंत आहे सांगितलं तर म्हणतात, असू द्या.

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. इस्पितळात एक कागद भरून द्यायचा आहे. ऑपरेशनमध्ये काही बिनसलं आणि मी सांगण्याच्या स्थितीत नसले, तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं, त्याचं नाव. माझं म्हणणं साधं आहे, उगाच नळ्या लावून ताटकळत ठेवू नका, पडदा पाडायचा झाला तर वेळेवर पाडा. पण ते डॉक्टरांना सांगायला माणूस हवा. यांचं नाव कसं घालू? डॉक्टर विचारतील, हे डावीकडे बघतील, आणि मी बेशुद्ध असेन. तिथे तुमचं नाव घालू का? हो म्हणा. मला भीती वाटते ती माझी नाही, त्या एका क्षणाची वाटते. कागद टेबलावर कोराच ठेवला आहे.

ता. क. ताई, पाकीट डकवण्याआधी खाली जागा दिसली म्हणून लिहितो. साखर डाव्या हाताला, वरच्या फळीवर असते. चहा मीच केला होता. बल्बच्या दुपारी मी डॉक्टरांकडे बसलो होतो, किरकोळ नाही हे मला माहीत आहे. आणि नाटकं मला सगळी पाठ होती. अडायचो ते विंगेतून तिचा आवाज यावा म्हणून. यातलं काही तिला सांगू नकोस, तिला काळजी करायला काहीतरी उरू दे. त्या कागदावर मी माझं नाव घातलं आहे. तिला काय हवं आणि काय नको ते मी डॉक्टरांना सांगेन, एक शब्द चुकणार नाही. फक्त सांगण्याआधी मी डावीकडे बघेन. तिथे कोणीतरी उभं हवं. तू ये.