पडदे उघडेच राहू देत

लव्हिनिया,

बाबा पहाटे गेले. रात्रभर जागली होतीस, म्हणून तुला उठवलं नाही. रड, पण मागच्या खोलीत. रस्त्याकडचे पडदे ओढू नकोस. ओढलेले पडदे दिसले की घरात कुणी गेलंय हे गावाला कळेल, आणि ठेवी काढायला आपल्या बँकेत झुंबड उडेल. मी तिथे बाबांच्या खुर्चीत हसतमुखाने बसतो.

तुझा लाडका जास्पर आला, तर बँक बंद होईपर्यंत त्याला दारातूनच परत पाठव. खुर्ची मला मिळणार म्हटल्यावर, बँक बुडतेय ही आवई आपल्या या सख्ख्या भावानेच उठवली.

एक राहिलं. बाबांनी शेवटची हाक मारली ती जास्परला. मीच ओ दिली.

अँब्रोझ