मागून घेतलेला रविवार

अण्णा, गेल्या वसंतात मी जर्मनीत होतो. चाकणच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. तिथे एका रविवारी तुमच्याबद्दल एक गोष्ट कळली. तुम्हाला ती ठाऊकच होती. मला नव्हती.

आम्ही तिघे होतो. एक तळवड्याचा, एक आकुर्डीचा आणि मी. थंडी सरली होती, सफरचंदाची झाडं फुलली होती, म्हणून तळ्याकाठच्या एका गावी दिवसभर जायचं ठरवलं. खायचं तिथेच घेऊ, असं म्हणून रिकाम्या हातानं निघालो. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, हे आमच्या अंगात मुरलेलं. उतरून पाहतो तर रविवार म्हणून गावातली सगळी दुकानं बंद. तळवड्याच्या मित्राच्या पिशवीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी तेवढी निघाली. "चटणी हाय, भाकरी न्हाई. घ्या राव, बोटं चाटा." आम्ही बाकावर बसून खरंच बोटानं चटणी खाल्ली आणि हसत सुटलो. मी म्हणालो, "आपल्याकडे गुरुवारी असंच. कंपन्या बंद, अर्धा बाजार बंद. अण्णांची सुट्टी त्यातच जायची." आकुर्डीचा म्हणाला, "नंतर कुठला गुरुवार? ते तर रविवारवाले." त्याचे वडील मेंटेनन्सला होते, तुमच्याच खात्यात. "लेथ मशीन सोडून आले ना ते आमच्या बाबांकडे. पोराला सुट्टी असते त्या दिवशी मला पाहिजे, म्हणाले साहेबाला. बाबा अजून सांगतात, लेथवरचा माणूस आपणहून ग्रीस-तेलाच्या कामात आलेला हा एकच पाहिला." माझं चटणीचं बोट तोंडाशीच थांबलं. तळवड्याच्या मित्रानं पाण्याची बाटली पुढे केली. "काय झालं रं? ठसका लागला व्हय?" मी मान हलवली.

मी सातवीत आहे. गुरुवार आहे. मी दप्तर घेऊन शाळेला निघालोय आणि तुम्ही दारात सायकल पुसताय. मी म्हणतो, "तुमची सुट्टी आमच्या काय कामाची?" तुम्ही वर न बघता साखळी पुसत राहता. त्या दिवाळीनंतर तुमचे कपडे बदलले. लेथवरून तुम्ही जवळजवळ स्वच्छ परत यायचात. आता आई निळा शर्ट सोड्यात भिजवून ठेवायची आणि तरी काळे डाग जायचे नाहीत. गुरुवारी मशीनं थांबली की मेंटेनन्सची माणसं त्यांच्या पोटात शिरतात, म्हणून त्यांना सुट्टी रविवारी, एवढं मला माहीत होतं. पण मला वाटलं, तुमच्या हातून काहीतरी बिघडलं असेल, म्हणून तुम्हाला लेथवरून काढलं. शेजारच्या काकांनी विचारलं तेव्हा तुम्ही फक्त "व्हय, बदल झाला" म्हणालात. शाळेत कुणी विचारलं तर मी पुढची दोन वर्षं "लेथवर आहेत" असंच सांगत होतो.

एका रविवारी मात्र आपण घोरावडेश्वरच्या डोंगरावर गेलो होतो. फाल्गुन असावा, पळस पेटले होते. वर बसून तुम्ही काकडी सोललीत, मीठ लावून अर्धी मला दिलीत. खाली पत्र्याच्या शेडांची रांग होती. "ती निळी दिसती का? ती आपली." एवढंच बोललात. नखांच्या कडेला ग्रीस होतं. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. सहज मोकळा दिवस आहे म्हणून आलो, असं मला वाटत होतं. त्या दिवसासाठी तुम्ही हातातलं चांगलं काम सोडलं होतं. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, हेही माझ्यावर उपकारच. सांगितलं असतंत तर मी ओझ्यानं आलो असतो आणि ती काकडी मला इतकी गोड लागली नसती.

त्यानंतरच्या रविवारीही तुम्ही चपला घालून दारात उभे. "येतूस का संगं?" त्याच्या पुढच्या रविवारीही. मी म्हणायचो, "क्लास आहे." तुम्ही "बरं बरं" म्हणून चपला काढून ठेवायचात.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहितो. क्लास शनिवारपर्यंतच असायचा.