वेशीबाहेरची बाटली

९ मे
मेघा येते आहे. चार वर्षांनी! टास्मानियात आत्ता थंडी उतरते आहे म्हणे. इथे सिंदीत पंखासुद्धा आच फेकतो. ती तिथे वाईन करते. माझी पोर! आणि मी गावोगाव दारूबंदीवर बोलते. हिंगणीला बोलले तेव्हा बायांनी सभेतून उठून मोहाची मडकी फोडली होती.

१२ मे
फोन. स्वतः केलेली पहिली बाटली आणते आहे — शार्डोने, पांढऱ्या द्राक्षाची वाईन. मी म्हटलं, आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि आपलं घर त्याहून. बाटली वेशीबाहेर! ती शांतपणे म्हणाली, मग मीही वेशीबाहेरच थांबते. बुटीबोरीला, रक्षाकडे. तिची कॉलेजची मैत्रीण. नागपूर जिल्हा, तिथे बंदी नाही.
मी तत्त्वावर बरंच बोलले. फोन ठेवल्यावर प्रेमदासनं ताट सारलं. मेघाचा बापच तो.
'तू भाषण जिंकली. पोरगी कुठी हाय?'

१५ मे
आली. बुटीबोरीत आहे. एका गाडीचं अंतर, आणि मी इथे तिच्या खोलीतल्या चादरी बदलते आहे.

१६ मे
एवढी पुस्तकं वाचली, द्राक्षावर एक नाही. ती पूर्वी फोनवर वाईनच्या चवी सांगायची आणि मी विषय बदलायचे. तरी तुकडे राहिलेत — कच्चं सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड. दगडाला कसली आली चव? अंगणातल्या पाट्यावर पाणी ओतलं, वाकून वास घेतला. नुसता मिरचीचा ठेचा! शिंकून बेजार. प्रेमदास हसला नाही. म्हणाला, 'जाऊन येजो.'

१९ मे
गेले. पोर वाळली आहे. द्राक्षतोडणीच्या कात्रीनं हातभर ओरखडे. मी आधी हातच धरले.
बाटली मध्ये ठेवून बोलत होती. थंड मुलखात द्राक्ष घाई करत नाही. हळू पिकतं, आंबटपणा जपतं. हेच द्राक्ष उन्हात वाढलं की जाड, गोड होतं, आंब्यासारखं. लाकडी पिंपातही तिनं फार ठेवलेलं नाही. लाकडाचा वास चढला तर द्राक्ष झाकलं जातं.
मी म्हटलं, नशा ती नशाच. ती म्हणाली, 'हो आई. मी खोटं सांगणार नाही.'
मग म्हणाली, 'ही गोड बोलत नाही. आधी झोंबते, मग सोडत नाही. करताना तू आठवायचीस.'
ग्लास नाकाशी नेला. फिकट, हिरवट झाक. आणि खरंच — पावसाळ्यात नदीकाठी पाय धुताना येतो तो वास! मागून मिठाची एक बारीक रेघ. इतकी वर्षं ही पोर या वासात उभी होती, आणि मला ठाऊक नव्हतं.
रक्षा उठून स्वयंपाकघरात गेली. मेघा आग्रह करत नव्हती. नुसती बघत होती.

२३ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात पंचशील सांगायची पाळी माझी. बुटीबोरीहून आलेली मेघा मागे बसलेली. चार शीलं सांगितली. पाचव्याला, मद्यापासून दूर राहण्याच्या, आवाज काढलाच नाही. शेजारी बसलेल्या भागीरथाबाईंनी पूर्ण केलं. बाहेर आल्यावर त्यांनीच साऱ्यांदेखत विचारलं, 'घसा बसला का ताई?'
'नाई,' म्हटलं. 'पोरीच्या हातची वाईन पेली मी.'