बाहेर गेलेला श्वास

श्रूजबरी, रविवार, नोव्हेंबर १९८६. संध्याकाळ.

आज ध्यानाच्या वर्गात मला सगळ्यांच्या पुढे बसवलं. या अमेरिकन माणसांना वाटतं, भारतातला बौद्ध म्हणजे जन्मापासून ध्यान करणारा. आम्ही विहारात मेणबत्ती लावायचो, वंदना म्हणायचो, पंचशील घ्यायचो. डोळे मिटून श्वासाकडे कोण बघत बसलं होतं? पण तसं सांगायची लाज वाटली. बसलो.

नुसता श्वास बघायचा, म्हणे. आत आला, बाहेर गेला. बघता बघता तो बारीक होत गेला, आणि एकदा बाहेर गेला तो परत येईचना. शांताचा शेवटचा श्वास असाच बाहेर गेला होता. मी उशाशी वाट बघत राहिलो होतो. आज वर्गात घाबरून मी तोंड उघडलं, मोठ्यानं हवा ओढली. शेजारची बाई हसून म्हणाली, "ब्यूटिफुल!" यात कसलं ब्यूटिफुल?

येताना गाडीत मिलिंदला सांगितलं. मुलगा डॉक्टर आहे ना. म्हणाला, "बाबा, श्वास आपोआप चालतो. सत्तर वर्षं काय तुम्ही ड्राइव्ह करत होता?"

नव्हतो करत, हेच तर. तेव्हा मी बघत नव्हतो. आता नजर हटत नाही. झोप लागली तर कोण बघणार? आणि आपोआप चालतो, तर शांताचा का थांबला? हे त्याला विचारवलं नाही. त्याचीही आई ती.

लिहिताना डावा हात पोटावर ठेवला आहे. आत्ता श्वास बाहेर गेला. तो परत येईपर्यंत पुढचं अक्षर लिहीत नाही.