नवारीचा पट्टा

दादा, परवा मी कॅमेऱ्याचा पट्टा घ्यायला गेले होते. माझ्यासाठी नाही. माझ्या गळ्यात कॅमेरा कधी आलाच नाही, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. स्टुडिओ मी तुमच्यामागे काढला, नांदेडात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या फॉर्मचे फोटो. कॅमेरा कायम तिपाईवर. गिऱ्हाईकं चेष्टा करतात, ‘म्याडम, दावं बांधलंय का हो त्याला?’ मी हसून घेते. पट्टा हवा होता तो लेकीला. तुम्ही न पाहिलेली तुमची नात फोटोग्राफर झालीय, आणि तीही चार भिंतींतली नाही, तुमच्यासारखी उन्हातान्हातली. यंदा पुन्हा दुष्काळ आहे. कुठल्याशा संस्थेनं तिला लातूरकडच्या गावांत बोअर मारतानाचे फोटो काढायला सांगितलंय. कॅमेरा संस्थेचा. फुटला तर काम गेलं, आणि हे तिचं पहिलंच मोठं काम. मला म्हणाली, ‘आई, तुझी ओळख हाय त्या दुकानात. मजबूत बघ, अन गळ्याला काचणार नाही असा.’

दुकानदारानं काउंटरवर पट्ट्यांची रास घातली. एक उचलून माझ्या हातात दिला, रुंद, आत मऊ गादी घातलेला. म्हणाला, ‘हा घ्या मावशी. दिवसभर अडकवा, गळ्यात काय हाय ते कळणारसुद्धा न्हाई.’ मी तो तसाच काउंटरवर परत ठेवला. कारण हे बोलणं तुमचं होतं. ‘कॅमेरा हातात असला की मानूस दमतं, गळ्यात असला की इसरतं. अन इसरल्याबिगर फोटो बरा येत न्हाई.’ मी एकदा तुमचा कॅमेरा नुसता हातात धरून अंगणात आणला होता, तेव्हा याच शब्दांत तुम्ही मला झाडलं होतं. मी रडले होते, आणि मग तुम्ही त्याच कॅमेऱ्यानं माझा रडका फोटो काढला होता.

तुमचा जुना चामड्याचा पट्टा घामानं कुजून जयंतीच्या मिरवणुकीत तुटला. ढोल-ताशे, निळा गुलाल, आणि तुम्ही दोन्ही गुडघे जुळवून कॅमेरा कसाबसा झेललेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं मुखेडचं घर मला आता लिहितानाही दिसतंय. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही तिच्या माहेरच्या पलंगाची नवार, ती रुंद सुती पट्टी, एका बाजूनं उसवताय आणि ती कपाळाला पीठ लागेपर्यंत हात मारून घेतेय. तुम्ही म्हणताय, ‘ह्याच्यावर तीन-तीन मानसं निजतेत, तुटती का? अन मऊ किती हाय बघ.’ नवार दुहेरी करून तुम्ही दाभणानं शिवता, कॅमेऱ्याच्या कड्यांत ओवता, गाठ मारता. गाठीच्या पुढं वीतभर नवार लोंबत राहते. आई म्हणते, ‘तेवढी शेपटी कापा. कशात तरी अडकल.’ तुम्ही त्या शेपटीनं भिंग पुसून तिला दाखवता. ‘कामाला येती. ऱ्हाऊ दे.’ मग पट्टा गळ्यात घालून दोन्ही हातांनी हिसडा देता आणि म्हणता, ‘आता मान तुटंल, पर पट्टा तुटायचा न्हाई.’ आपण सगळे हसलो होतो. आईसुद्धा.

तेव्हा लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेबांना झालेल्या प्रत्येक कामाचा फोटो पाहिजे. विहिरी आटलेल्या, गावोगाव बोअरच्या गाड्या फिरत होत्या. मुखेडचे फोटोग्राफर तुम्ही एसटीनं जिल्ह्याची हद्द ओलांडून तिकडं जायचात, धुळीनं पांढरे होऊन परतायचात. तिकडच्या लोकांचा एक समज होता, तुम्हीच जेवताना सांगायचात. पाणी लागायच्या आधी फोटो काढला तर पाणी रुसतं, आणि फार मागाहून काढला तर ते टिकत नाही. फोटो पहिल्या उसळीचाच पाहिजे. नारळ फुटायच्याही आधी. म्हणून तुम्ही मशीनच्या अगदी अंगाला उभे राहायचात, तासन् तास, पोटाशी तो दोन भिंगांचा कॅमेरा धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघत. त्यात बघणाऱ्याला समोरचं कधी दिसतं, दादा? मला राग येतो तुमचा. इतक्या वर्षांनीही येतो. साहेबाला फोटो पाहिजे, गावाला उसळी पाहिजे, आणि मान तुमची.

तुमची माती झाल्यावर मशीनवरचा माणूस घरी आला होता. आईपुढं बसून जमिनीकडं बघत बोलला. ‘बोअरचा दांडा हळूच फिरून राहिला होता, माय. लई हळू. पानी आलं, मान्सं वरडून राहिली होती. चिखल उडाला तसं त्यांनी त्या शेपटीनं भिंग पुसलं अन सोडून दिली. ती दांड्याला गुंडाळली. म्या मशीन बंद करेस्तोवर...’ हळू फिरत होता, हे मात्र माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. वेगानं फिरणाऱ्या गोष्टीला माणूस भितो तरी.

दुकानातून मी गादीवाला आणला नाही. साधा आणला, मानेमागं चाप असलेला. जोरानं ओढला की चाप सुटतो. लेकीनं एक हिसडा दिला आणि तो सुटला. म्हणाली, ‘ह्ये काय कामाचं? कॅमेरा खाली अन मी घरी.’ मग मी तिला तुमचं सगळं सांगितलं. तिला ते अर्धवट ठाऊक होतं. तिनं ऐकून घेतलं, माझा हात धरला, मग म्हणाली, ‘आई, तवाची गोष्ट येगळी होती. आता जवळ कुनी येऊ देत न्हाई. अन मला डोळे हायेत की.’ खरं होतं तिचं. संध्याकाळी ती स्वतः जाऊन पट्टा बदलून आली. गादीचा, खांद्यावरून छातीवर तिरका जाणारा, म्हणजे डोक्यातूनसुद्धा सहज निघायचा नाही. तो घालून घरभर फिरली. आरशापुढं वाकून बघितलं, उडी मारून बघितली. म्हणाली, ‘ओझंच वाटत न्हाई ग.’

आज सकाळी ती न्हाणीत असताना मी दाढीचं ब्लेड घेतलं. कड्याशी पट्टा दुमडून शिवलेला असतो तिथली शिवण एका बाजूनं उसवली. वरून दिसणार नाही अशी, आतून. चहाचं आधण आटून भांडं करपलं तरी मी उठले नाही. ती आली, पट्टा अंगावर चढवला, माझ्या पाया पडली आणि लातूरच्या गाडीत बसली. आत्ता तिचा फोन येऊन गेला. मागं मशीनचा आवाज होता, म्हणून तिला ओरडावं लागत होतं. ‘आई, ओल लागलीय म्हनतेत. गावकरी बोलवून राहिलेत, पुढं ये म्हनून. ठेवते.’ मी लांब उभी राहा म्हणाले. ते तिला ऐकू गेलं का, माहीत नाही. मी परत फोन लावते आहे, ती उचलत नाही. म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय, दादा. ह्याला ना पाकीट लागणार ना तिकीट. आता माझं एकच मागणं आहे, कॅमेरा फुटल्याचा फोन यावा. काम जावं, तिनं मला शिव्या द्याव्यात, जन्मभर बोलू नये. लेकीचं असं वाईट चिंतणारी आई मी तरी पाहिली नाही.

आणि एक तुम्हालाच सांगते. शिवण मी सगळी उसवू शकले असते, वेळ होता. शेवटच्या टाक्यांशी ब्लेड आलं तेव्हा माझ्या मनात आलं, कॅमेरा महाग आहे. म्हणून मी ते टाके तसेच ठेवले. फार ठेवले का, ते मी ओढून बघितलं नाही.