ॲमॉसच्या हॅटमधलं भोक आणि बारा शनिवार

मी, व्हर्डी मे टिंबरलेक, ॲमॉस टिंबरलेकची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार टॅलो क्रीक, मिसिसिपी, हे मृत्युपत्र सांगत आहे. मला लिहायला येत नाही, म्हणून शेजारीण पर्लीन गॉस लिहून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळायला बसावं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट मीच सकाळपासून पर्लीनला उठू दिलेलं नाही.

कलम १. घर आणि मागची दोन एकर जमीन माझी नात रोनेल हिला. माझा मुलगा वेंडेल याला ट्रक आणि त्याच्या बापाच्या सगळ्या करवती. बिडाचा तवा सुनेला. सूनबाई, तो साबणाने घासलास तर मी परत येईन, एवढंच सांगते.

कलम २. माझं पिस्तूल नदीत टाकावं.

कलम ३. ॲमॉसची करडी हॅट रोनेलला. हॅटमधल्या भोकाची हकिगत लिहून ठेवते. सन १९७१, भर दुपार. ॲमॉस गिरणीतून लवकर आला, मागचं दार अडकलं, त्याने लाथ घातली. मला वाटलं, चोर. मी पिठाच्या डब्यातलं पिस्तूल काढलं आणि दारातूनच गोळी झाडली. गोळी फळीतून, मग त्याच्या डोक्यावरच्या हॅटमधून, आणि पुढे पर्लीनच्या ओसरीवरच्या झोपाळ्यात. पर्लीन तिथे शेंगा सोलत बसलेली असायची; नेमकी मीठ आणायला आत गेली होती. लिही गं, हात थांबवू नकोस. झोपाळ्याची फळी तुला भरून द्यायची राहिली आहे, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. सुटले.

ॲमॉस ती हॅट वीस वर्षं चर्चला घालून गेला. विचारणाऱ्याला सांगायचा, "बायकोने वारा खेळता केला." सगळे हसायचे. मी हसले नाही.

कलम ४. कलम २ रद्द. पिस्तूल वेंडेलला.

कलम ५. नको, तेही रद्द. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ॲमॉस गेल्यावर, मी वनिता क्रॉस यांच्याकडे नेमबाजी शिकायला जाऊ लागले. बाई पूर्वी पोलिसात होत्या. तेव्हा वेंडेल म्हणाला होता, "आई, तुला चष्मा सापडत नाही आणि निशाणा काय सापडणार? पिस्तुलात शिकायचं काय असतं? धरायचं आणि ओढायचं." ज्याला असं वाटतं, त्याच्या हाती माझी वस्तू जाणार नाही.

बारा शनिवार गेले मी. पहिले तीन तर रिकामंच पिस्तूल. बोट बाहेर, चापाला लावायचं नाही. पुढे कोण आहे ते बघ, त्याच्या मागे कोण आहे तेही बघ. उघड्यावर उभी राहू नकोस. आधी फोन. आणि गोळीच्या आधी तोंड उघड, कोण आहे ते मोठ्याने विचार. मी म्हटलं, "बाई, तोंड उघडायला मला शिकवणी नको." त्या हसल्या नाहीत. पुन्हा करायला लावलं, शंभर वेळा.

कलम ६. आता जे रोनेलला कधी सांगितलं नाही ते. गेल्या ऑक्टोबरात, टळटळीत दुपारी, मागच्या दारावर लाथा बसल्या. अगदी ॲमॉसच्याच दाराला, तशाच. मी लोखंडी चुलीच्या आड झाले, पिस्तूल दाराकडे. पोरी, दाराच्या पलीकडे तू होतीस. एकाहत्तर सालची व्हर्डी असती तर तिने तुला दारातच पुरलं असतं. मी ओरडले, "कोण आहे?" तू म्हणालीस, "आजी, मी!"

मग तुला आत घेऊन खाली बसवलं, पोलिसांना फोन केला. मागोमाग, ज्याच्यापासून तू पळून आली होतीस तो तुझा नवरा डेक्स्टर पायऱ्या चढून आला. मी सांगितलं, "तिथेच थांब. हातात पिस्तूल आहे, शेरीफ निघालाय." माझा हात हलला नाही. त्याने तो बघितला, आणि गेला. एकही गोळी उडाली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नेमबाजी ती.

कलम ७. तो परत येईल, म्हणून तू रोज पिस्तूल मागतेस. "आजी, नुसतं दे ना, शिकायला वेळ कुठाय?" येईलही तो, मलाही झोप नाही. पण नेम मलाही येत होता, पोरी. हॅटला विचार. तेव्हा शेवटचं सांगते, आता बदलणार नाही: पिस्तूल वनिताबाईंकडे राहील. बारा शनिवार पुरे झाले आणि त्यांनी मान डोलावली, की ते रोनेलचं. अकरा झाले तर नाही. मी मरायची वाट बघू नकोस. पहिला शनिवार आजच आहे, बाई इथेच सही करायला बसल्या आहेत.

दार वाजतंय. पर्लीन, उठू नकोस.

कोण आहे?

"आजी, मी."

ये. बाईंनी तुझी जागा ठेवली आहे.

निशाणी फुली: ✕ व्हर्डी मे टिंबरलेक, स्वतःच्या हाताने

साक्षीदार:
१. पर्लीन गॉस (हे लिहिणारी, झोपाळा अजून तसाच आहे)
२. वनिता क्रॉस

टॅलो क्रीक, शनिवार, १४ मार्च २००९